बाळंतविड्यातला गोल

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. माझ्या दोन बॅगा डिकीत गेल्या. आबांनी डिकीचं दार नीट बसलंय का ते ओढून बघितलं, आणि मग आम्हा दोघांना करण्यासारखं काही उरलं नाही. माझी बायको स्मिता आणि आठ वर्षांची सई आधीच सिंगापूरला पोचल्या होत्या. स्मिताला तिथं एका कंपनीत अकाउंट्सची चांगली नोकरी लागली होती. मी मागं राहिलो होतो ते पतसंस्थेचा राजीनामा मंजूर करून घ्यायला आणि घर आवरायला. आई जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे निरोपाला आबा एकटेच. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, लग्नाला निघाल्यासारखे.

"पासपोर्ट घेतलास न्हवं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी खिसा दाखवला.

कंडक्टरने बेल मारली. मी खिडकीशी बसलो होतो. आबांनी बाहेरून काच सरकवली, तोंड जवळ आणलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आता लांब चाललाईस, सदा. एकदा खरं सांग. तो मुद्दाम सोडलास काय?"

त्या गोलला तेव्हा वीस वर्षं झाली होती.

"न्हाई आबा. सुटला हातातनं."

"बरं," आबा म्हणाले. भाजीवाली 'ताजीच आहे हो' म्हणते तेव्हा गिऱ्हाईक जसं 'बरं' म्हणतं, तसं. गाडी हलली. मी गाव सोडलं ते असं, दोन हजार अकरा साली. ना आशीर्वाद, ना डोळ्यांत पाणी, नुसती एक उलटतपासणी.

हे मी लिहितोय ते पेठेत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे कुठंकुठं जाऊन पडलेत त्यांच्यासाठी. पेठेतल्यांना सगळं ठाऊक आहे असं त्यांना वाटतं, म्हणून बाकीच्यांना थोडं सांगतो. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमी आहेत हे जगाला माहीत असतं. त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि पेठेला पेठ भिडते, हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही. मुली या पेठेतून त्या पेठेत दिल्या-घेतल्या जातात, पण फायनलच्या आठवड्यात सोयरीकसुद्धा रजेवर जाते. त्या आठवड्यात समोरच्या पेठेतल्या माणसाचा चहा घ्यायचा नाही आणि त्याला पाजायचाही नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

मी आमच्या तालमीचा गोलकीपर होतो. उंची बेताची, त्यामुळे डोक्यावरून गेलेले चेंडू मला जड जायचे. पण जमिनीवरचा चेंडू माझ्या हातून जात नसे. "वरनं गेला तर गेला, सदाच्या खालनं जायचा न्हाई," असं कट्ट्यावर बोललं जायचं. आबा उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे घडवायचे. वर्षातनं कधी रजा न घेणारा हा माणूस माझ्या मॅचला अर्धी पाळी टाकून यायचा, गोलपोस्टच्या मागं उकिडवा बसायचा आणि मॅचभर चकार शब्द बोलायचा नाही.

माझी धाकटी बहीण मंगल समोरच्या पेठेत दिलेली. तिचे यजमान विलासराव हे त्या तालमीचे राखीव फॉरवर्ड. राखीव म्हणजे इतके राखीव की त्यांनी मोठ्या स्पर्धेत कधी गोल मारल्याचं त्यांच्या आईलाही आठवत नव्हतं. माणूस मात्र सोन्यासारखा. मी आणि मंगल त्यांच्या फुटबॉलची चेष्टा करायचो आणि ते स्वतः त्यात सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

त्या वर्षी फायनलला दोन्ही पेठा समोरासमोर आल्या आणि नेमकी मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी होती. आठवड्यापूर्वी तिला मुलगा झाला होता. फायनलच्या आदल्या दिवशी विलासराव मुलगा बघायला आले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बाप झालेल्या माणसाला धीर धरवला नाही, एवढंच. तालमीचा नियम बघितला तर आबांनी त्यांना दारात भेटून, बाळ दाखवून वाटेला लावायला हवं होतं. आबा म्हणाले, "जावई हाय. पयलं पोर बघायला आलाय. दारातनं माघारी लावू काय?" आणि आईला मटण शिजवायला सांगितलं. दुपारी तांबडा-पांढरा झाला. मी, आबा, विलासराव एका रांगेत जेवायला बसलो. फुटबॉलचं अवाक्षर कुणी काढलं नाही. पण आमच्या बोळात मटणाचा वास लपत नाही आणि दारातल्या चपलाही लपत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेवटची पाच-सात मिनिटं राहिली तरी शून्य-शून्य. त्यांचा एक गडी लंगडायला लागला म्हणून विलासरावांना आत सोडलं. त्यांच्याकडे चेंडू आला, आणि त्यांनी लांबूनच, गल्लीत पोरं मारतात तसा, एक खालून मारला. जोर नाही, वळण नाही. मी गुडघा टेकला, दोन्ही हात चेंडूमागं नेले. असे हजार चेंडू मी धरले होते. शेवटचा टप्पा कसा पडला मला ठाऊक नाही. चेंडू मनगटाला लागला आणि गुडघ्याजवळून मागं गेला. मी वळून बघितलं तेव्हा तो रेषा ओलांडत होता, अगदी सावकाश. आबा पोस्टमागं उभे राहिलेले मला दिसले.

फायनल आम्ही त्याच गोलनं हरलो, आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर कुणीतरी बोललं, "मामानं भाच्याला बाळंतविडा दिला." बाळंतविडा म्हणजे नव्या बाळाला माहेरचे देतात ते अंगडं, टोपडं, दुपटं. माझ्या भाच्याला मी गोल दिला. पेठेला हे वाक्य इतकं आवडलं की त्याला उत्तरच उरलं नाही. पुढं माझं नावच बाळंतविडा पडलं. पैसे घेतले असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. बहिणीच्या बाळासाठी केलं म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं? मंगल सव्वा महिना व्हायच्या आधीच, रिक्षात बाळ घेऊन सासरी निघून गेली. आई दारात उभी राहून रडली. आबांनी पेठेत माझी बाजू घेतली नाही, विरुद्धही बोलले नाहीत. रात्रीच्या जेवणाला फक्त म्हणाले, "त्यांना नगं सांगूस. मला तर सांग."

तालमीनं मला काढलं नाही. पुढच्या हंगामात सरावाला बोलवायला कुणी आलं नाही, एवढंच. मी मग कोचिंगचा कोर्स केला, पतसंस्था सांभाळून एका शाळेत पोरांना गोलकीपिंग शिकवायला लागलो. पोरं चांगली तयार झाली. पण पोरांचे बाप मैदानाच्या कडेला हसत म्हणायचे, "सर, धरायला शिकवा, सोडायला नगा शिकवू." मीही हसायचो. वीस वर्षं हसलो.

सिंगापूर मला पहिल्यांदा आवडलं ते याच कारणानं, की तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. आम्ही क्लेमेंटीला एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला, फ्लॅट भाड्यानं घेतला होता. स्मिता सकाळी एमआरटीनं, तिथल्या मेट्रोनं, पाया लेबारला ऑफिसला जायची, सई शाळेत, आणि मी घरात. माझ्या कार्डावर डिपेंडंट पास असं छापलेलं. म्हणजे बायकोच्या पदराला धरून आलेला नवरा. स्मितानं हे मला कधी जाणवू दिलं नाही, पण कार्ड तर माझ्याच खिशात होतं. गणपतीला मराठी मंडळी जमायची. पुण्याचे इंजिनियर, मुंबईचे बँकवाले. "तुम्ही कुठे असता? आयटी की बँकिंग?" मी म्हणायचो, "गोलकीपर." लोकांना वाटायचं मी विनोद केला. चांगला जमला म्हणून टाळीही द्यायचे.

काम करायची परवानगी मिळाल्यावर आंग मो किओला एका खासगी अकॅडमीत मी शनिवार-रविवार कोच झालो. मैदान म्हणजे गालिचा. एक खडा सापडेल तर शपथ. माझ्या आयुष्याचा घोळ जिथं झाला तिथं असलं मैदान असतं तर, असं पहिल्या दिवशी मनात आलं. पोरं देशोदेशीची, हातमोजे माझ्या पूर्वीच्या महिन्याच्या पगाराचे. एकदा एका पोरानं पायातून गोल खाल्ला आणि खदाखदा हसायला लागला. माझं डोकं फिरलं. मी त्याला कोल्हापुरी आवाजात झाडला. सराव संपल्यावर अकॅडमीचा मॅनेजर टॅन माझ्याजवळ आला. हसतमुख माणूस. तिथल्या 'ला' लावायच्या इंग्रजीत म्हणाला, "कोच, हिअर कॅनॉट स्कोल्ड लाइक दॅट ला. दे कम फॉर फन." मी मान डोलावली. तिकडं एका गोलसाठी माणसाला वीस वर्षं वाळीत टाकतात आणि इकडं गोल खाल्ल्यावर मुलाला आइस्क्रीम मिळतं. यातलं मला नेमकं काय हवं होतं, ते माझं मलाच सांगता येईना.

त्याच मैदानाच्या कडेला, झाडाखाली, एक म्हातारा फ्रेंच माणूस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. मोरिस त्याचं नाव. वय ऐंशीच्या पुढं. त्याचा नातू अकॅडमीत होता. एके दिवशी मी पोरांना हातानं चेंडू टाकत होतो तेव्हा त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि स्वतःचे दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. करंगळ्या बाहेर वळलेल्या, दोन बोटं सांध्यापासून वाकडी. मी माझे पंजे त्याच्यापुढं धरले. माझी उजवी करंगळी आणि डाव्या हाताचं मधलं बोट तसंच. तो हसला. ओळख झाली ती अशी, नाव-गाव नंतर.

त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे आमचं छान जमलं. पन्नासच्या दशकात तो फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका खाणीच्या गावाचा गोलकीपर होता. बाप खाणीत, हा शनिवारपर्यंत पोस्टात पत्रं वाटायचा आणि रविवारी गोलमध्ये उभा राहायचा. तेव्हा हातमोजे नव्हते. पाऊस पडला की लोकरी जर्सी इतकी जड व्हायची की उडी मारताना ती मागं ओढायची. पुढं तो मोठ्या क्लबात गेला, चार-पाच वर्षं गाजला, वर्तमानपत्रात फोटो आले. मग कपच्या सेमीफायनलमध्ये लांबून आलेला एक साधा चेंडू त्याच्या काखेतून गेला. पुढच्या वर्षी गोलमध्ये दुसरा मुलगा. मोरिस चौतिसाव्या वर्षी कोच झाला.

कोचची कारकीर्द म्हणजे काय ते त्यानं मला सांगितलं. दोन वर्षं या गावात, एक वर्ष त्या गावात. चार मॅचेस हरल्या की बॅग. मग उत्तर आफ्रिका, मग आणखी खाली कुठंतरी, जिथं पोरं अनवाणी खेळायची आणि त्याला देवासारखं मानायची, तिसरी मॅच हरेपर्यंत. त्याची बायको पडदे कधी लावायची नाही, कारण लावले की बदली व्हायची. ती गेल्यावर बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मुलीनं त्याला सिंगापूरला आणलं. आता तो कोंडोच्या, म्हणजे श्रीमंती खासगी इमारतीच्या, अठराव्या मजल्यावर राहायचा आणि लिफ्टमध्ये कुणी गुड मॉर्निंग म्हटलं तर दिवसभर खूश असायचा.

मी त्याला माझा गोल सांगितला. जावई, मटण, बाळंतविडा, सगळं. बाळंतविडा सांगायला मला दहा मिनिटं लागली. मग तो म्हणाला, "यू आर लकी मॅन."

मला राग आला. मी विचारलं, यात नशीबवान काय? त्यानं त्याच्या मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा. त्याच्या गावात त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही. एकानंही नाही. सगळे म्हणाले, बिचारा मोरिस, तेवढाच होता तो. खाटीक त्याच्या आईला सांत्वन म्हणून चांगलं मटण द्यायचा. आईसुद्धा म्हणाली, जाऊ दे रे, तू काही फार मोठा गोलकीपर नव्हतास. "नोबडी थिंक आय कॅन स्टॉप इट," तो म्हणाला आणि नातवाची पाण्याची बाटली उगाच उघडून बंद केली. मला तेव्हा ते म्हातारपणाचं काहीतरी बोलणं वाटलं.

दर रविवारी आबांचा फोन यायचा. सईची चौकशी, जेवणाची चौकशी, मंगलच्या मुलाची खबर. तो प्रश्न फोनवर कधी आला नाही. पण फोन ठेवायच्या आधी ते थोडा वेळ गप्प राहायचे, आणि मला ऐकू यायचा तो प्रश्नच. मला एकच हवं होतं. आबांनी एकदा म्हणावं, सुटला असेल बाबा. बास. पेठेनं म्हणावं अशी माझी अपेक्षा कधीच संपली होती.

दोन हजार चौदा साली आबा महिनाभरासाठी सिंगापूरला आले. पहिल्याच दिवशी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, भिंतीवरची पाटी त्यांनी बघितली. चेंडूचं चित्र आणि त्यावर लाल काट. "इथं फुटबॉलवर बंदी?" ते हबकले. मी म्हटलं, इथं खाली खेळायचं नाही, आवाज होतो. "मग पोरं करत्यात काय?" "क्लासला जातात." आबांनी पाटीकडं पुन्हा एकदा बघितलं आणि टोपी नीट केली. हॉकरमधला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमधला, कंडेन्स्ड मिल्कचा चहा मात्र त्यांना बेहद्द आवडला. एका पेल्यावर कधी थांबायचे नाहीत.

शनिवारी त्यांना मी मैदानावर नेलं. मोरिसशेजारी दुसरी खुर्ची टाकली. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला थोडं येतं, पण दोघं तीन तास बसायचे. मोरिसनं आपले पंजे दाखवले. आबांनी ते हातात घेऊन बोटं एकेक चाचपली आणि मला ओरडून म्हणाले, "ह्यो बी गोलकीपरच की रं!" मोल्डरचे हात ते, वाकडं काय आणि सरळ काय, लगेच कळायचं.

तेव्हा सई अकरा वर्षांची होती आणि शाळेच्या टीममध्ये गोलकीपर होती. मी तिला घातलं नव्हतं. तिला पळायचा कंटाळा म्हणून तीच तिथं जाऊन उभी राहिली होती. आबा असताना तिची एक मॅच झाली. आबा सवयीनं गोलपोस्टच्या मागं जाऊन उकिडवे बसले. एका टीचरनं येऊन त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या मुलीनं एक साधा, खालून चेंडू मारला. सईनं गुडघा टेकला, हात मागं नेले, आणि चेंडू हातातून निसटून आत गेला. सावकाश. मी सईकडं बघितलंच नाही, आबांकडं बघितलं. बाजूला सगळे टाळ्या वाजवत होते. नेव्हर माइंड, गुड ट्राय, असं चाललेलं. सईनं खांदे उडवले.

मॅच संपल्यावर आम्ही हॉकरमध्ये बसलो. सई जरा खट्टू होती. आबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुटतुया कदी कदी हातातनं. चेंडूच हाय त्यो. त्याचं काय एवढं?"

"ओके ला, आजोबा," सई म्हणाली आणि खायला लागली.

मी चमचा खाली ठेवला. तेवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होतो, ते आबांनी एका अकरा वर्षांच्या, फुटबॉलशी देणंघेणं नसलेल्या पोरीला, नूडल्स थंड व्हायच्या आत देऊन टाकलं. आणि वर माझ्याकडं वळून म्हणाले, "आणि एक चहा सांग की." मी उठून चहा आणला. घरी आल्यावर मी स्मितावर चिडचिड केली. ती म्हणाली, "अरे, तिला समजावलं त्यांनी. तुला का लागावं?" तिचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडलो. उरलेले आठ दिवस मी आबांशी कामापुरतं बोललो. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल असं नाही.

परतीच्या दिवशी चांगी विमानतळावर मी एकटाच त्यांना सोडायला गेलो. पुण्याचं एक ओळखीचं कुटुंब त्याच विमानानं जाणार होतं, त्यांच्या हवाली करायचं होतं. सकाळची वेळ. बॅग गेली, बोर्डिंग पास हातात आला. आबा इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांनी माझं मनगट धरलं, तेच, ज्याला चेंडू लागला होता.

"इथं पेठंतलं काळं कुत्रं न्हाई. मी बी आता किती दिसाचा. सांग की, सदा. मुद्दाम सोडलास न्हवं?"

मला नूडल्सचा तो बाउल आठवला. मी थकलो होतो. मनात म्हटलं, घ्या. तुम्हाला हेच हवंय ना, घ्या एकदाचं.

"होय आबा. सोडला. मंगलच्या पोराकडं बघून सोडला."

मला वाटलं होतं ते हात सोडतील. आबा हसले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझे खांदे गदागदा हलवले. "मला ठावंच हुतं! आरं, तुझ्या हातनं असला चेंडू सुटंल? येडी हाईत काय सगळी? भणीसाठी सोडलास. मी म्हणतच हुतो मनात, माझ्या पोराच्या हातातनं असला सुटायचा न्हाई!"

ते आत गेले तेव्हा चालणंच वेगळं होतं. मी काचेबाहेर उभा राहिलो. इतकी वर्षं मला वाटायचं, आबांचा माझ्यावर विश्वास नाही. विश्वास होता. तो माझ्या हातांवर होता, माझ्या शब्दावर नव्हता. सईच्या हातातून सुटू शकतो, कारण ती सई. सदाच्या हातातून सुटूच शकत नाही. माझा मुलगा लबाड असला तरी चालेल, पण कच्चा नाही. मोरिस मला नशीबवान का म्हणाला तेही तिथं कळलं. त्याला सांगायला पुढच्या शनिवारी गेलो तर झाडाखालची खुर्ची रिकामी. मुलीची बदली झाली होती. बॅग भरून तो पुन्हा कुठंतरी गेला होता.

नऊ-दहा महिन्यांनी आबा गेले. मी दिवसांना कोल्हापूरला गेलो, आणि पेठेत पाऊल टाकलं तर लोक उठून जवळ आले. आबांनी परत आल्या आल्या चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. अभिमानानं सांगितलं होतं. तालमीचे जुने कारभारी, ज्यांनी वीस वर्षं माझ्याकडं बघून मान फिरवली, ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आधीच बोलायचंस की लेका. भणीसाठी केलं म्हटल्यावर कोण काय बोलणार हुतं? तरी म्हटलं, सदाच्या खालनं जाईलच कसा." मग म्हणाले, "परत ये. आपल्या पोरांना शिकव. तालमीला तुझ्यासारखा कोच पायजे." उभ्या आयुष्यात मला एवढंच ऐकायचं होतं. ऐकलं, तेही खोट्याच्या जोरावर.

विलासराव दिवसांना आले होते. कोपऱ्यात बसले आणि न जेवता उठले. मंगल मला मागच्या दारी गाठून म्हणाली, "दादा, त्यांनी जन्मात एक गोल मारला हुता. आमच्या सोप्यात त्या दिवसाचा फोटो हुता. त्यांनी काढून ठेवला."

मी म्हटलं, "मंगल, मी आबांना खोटं सांगितलं. तो खरंच सुटला."

ती म्हणाली, "मग आता कुठलं खरं धरायचं आम्ही?"

मी त्यांच्या घरी गेलो. सोप्यातल्या, त्या बाहेरच्या खोलीच्या, भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी डाग होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. ज्याला मी बाळंतविडा दिला असं म्हणतात तो माझा भाचा आता कामाला लागलेला, त्यानं पाणी आणून दिलं आणि आत गेला. मी विलासरावांना सगळं सांगितलं. चांगीचं, नूडल्सचं, आबांच्या हसण्याचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. माझं मन राखायला बोलताय, कळतंय मला. माणूस चांगलं हाईसा तुम्ही." पूर्वी ते स्वतःच्या खेळावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे. आताही हसायचा प्रयत्न करत होते.

मी तालमीला नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, पोरीची शाळा. सिंगापूरला परत आलो. आता आम्ही पर्मनंट रेसिडेंट आहोत, माझ्या खिशातलं कार्डही बदललं. सईनं फुटबॉल सोडून नेटबॉल धरला. मी अजून आंग मो किओला शनिवारी कोच म्हणून जातो, आता पोरांना रागावत नाही. टॅन खूश आहे. संध्याकाळी क्लेमेंटीला बिल्डिंगखाली त्या काट मारलेल्या चेंडूच्या पाटीशेजारी बाकावर बसतो. इथं माझ्यावर कुणी संशय घेणार नाही, कारण इथं मी कधी कुठला चेंडू धरला होता हे कुणाला माहीत नाही. तिकडं माझ्या खरेपणावर एकाचाही विश्वास नाही, आणि माझ्या हातांवर आख्ख्या पेठेचा आहे. घर म्हणायचं तर मला तेच म्हणावं लागतं, ज्या ठिकाणी माझं खरं बोलणं कधीच चालणार नाही.

तरी लिहून ठेवतो. आबांना आता त्रास नाही. पेठेनं वाचावं, कट्ट्यावर मोठ्यानं वाचावं, आणि मग पुन्हा मला बाळंतविडा म्हणायचं की आणखी काही, ते ठरवावं.

विलासराव, फोटो परत लावा. गोल तुमचाच होता. मला तो अडवता आला नाही.